शेवटच्या माणसाचे नाव

रविवारी, एरवी मी पूजेत असते त्या वेळी, परसातल्या कढीलिंबाची पाने खुडत होते, तेव्हा मागच्या डोंगरावरून माझ्या यजमानांच्या नावाची हाक आली. मुलीचा आवाज होता. कोवळा, पण गळा मोकळा सोडलेला. ‘गुरुदत्त.’ पुढे राव नाही, काका नाही, साहेब नाही. नुसते नाव, उघडे. आणि पाने मुठीत धरून मी उभी असतानाच, हाकेच्या बऱ्याच खालून, करवंदीच्या जाळ्यांमधून कुठूनसे पुरुषाच्या आवाजात उत्तर आले, ‘ओ.’ आदल्याच पंधरवड्यात आम्ही यजमानांचे वर्षश्राद्ध केले होते. पिंडाला कावळा इतका चटकन शिवला की गुरुजी म्हणाले, वहिनी, आत्मा तृप्त आहे, कशात अडकलेला नाही. मी त्यांच्या हातावर दक्षिणा ठेवली. अडकलेला नसेल, तर मागच्या फाटकाची कडी पहाटे कोण लावीत होते, हे गुरुजींना विचारण्यात अर्थ नव्हता.

ती कडी मी ओळखते. आमची भाताची गिरणी मोडली तेव्हा तिच्या मागच्या अंगाचे लोखंडी फाटक यजमानांनी उचलून आणले आणि परसाच्या टोकाला बसवले. तिथून आमच्या पडीक खाचरांची पट्टी ओलांडली की डोंगराची चढण लागते. कडी अंमळ वाकडी आहे. लावायची तर फाटक गुडघ्याने किंचित उचलावे लागते आणि मग ती खाली सोडावी लागते, त्यामुळे आवाज दोन तुकड्यांत येतो. आधी घासल्याचा, मग पडल्याचा. मधली जागा ज्याच्या त्याच्या स्वभावाची असते. माझा मुलगा सत्यजीत धसमुसळा, त्याचे दोन्ही आवाज एकमेकांत घुसतात. यजमानांच्या हाताखाली मात्र मध्ये पुरता एक श्वास जाई, मागे कोणी राहिले नाही ना हे पाहिल्यासारखा. गेले वर्षभर तो श्वास मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकते आहे, उजाडायच्या किंचित आधी. आता डोक्यावरून विमाने जातात, महामार्ग तर कधी निजतच नाही. तरी त्या सगळ्याच्या तळातून तो आवाज मला वेगळा काढता येतो, भरल्या पंगतीत आपल्या माणसाने वाटी खाली ठेवल्याचा येतो तसा. मी हे कोणाला सांगितले नाही. या घरात माझ्या शब्दाला वजन आहे, आणि कडी ऐकू येते म्हणणाऱ्या म्हातारीच्या शब्दाला ते राहत नाही. मी सत्यजीतला बोलावले आणि सांगितले, परसाच्या टोकाला भिंत घालून घे, पुरुषभर उंच, सलग. फाटक काढून टाक. तो म्हणाला, “तिथून डोंगरावर लोक जातात ना, आई? बाबांचा तो ग्रुप?” मी म्हणाले, “जातात ते त्यांच्या पायांनी. जमीन आपली आहे.” त्याने आनंदाने मान हलवली. तो जमिनीच्याच व्यवहारात आहे. भिंत घालायला कोणी नको म्हणेल याची त्याला भीती असते, घाल म्हणणारी आई त्याला आवडते. गवंडी येऊन पांढऱ्या फक्कीची रेघ ओढूनही गेला होता. त्या रेघेच्या अलीकडे उभी राहून मी ती हाक ऐकली.

पन्नासाहून अधिक वर्षांच्या संसारात मी ते नाव उखाण्याखेरीज कधी उच्चारले नाही. लग्नात, डोहाळजेवणात, सत्यजीतच्या मुंजीत चार ओळींची शिडी लावून त्या नावापर्यंत चढायचे, त्याला स्पर्श करायचा आणि लगेच खाली उतरायचे. शिधापत्रिकेच्या कचेरीत कारकुनाने यजमानांचे नाव विचारले, तेव्हा मी बोट धरून उभ्या असलेल्या सत्यजीतला चिमटा काढून ते त्याच्याकडून वदवून घेतले होते. यात मला कमीपणा वाटला नाही. रोज हाताळलेली वस्तू झिजते. मी ते नाव झिजू दिले नाही. रुग्णालयात शेवटच्या दिवशी त्यांची शुद्ध गेली, तेव्हा परिचारिका म्हणाली, नावाने हाक मारा, नावाला माणूस कधी कधी परत येतो. मी त्यांच्या कानाशी वाकून ‘अहो’ म्हणाले. सत्यजीत ‘बाबा’ म्हणाला, सूनही ‘बाबा’, पुतणे ‘काका’, नातवंडे ‘आजोबा’. खोलीभर माणसे होती आणि त्या नावाचा अधिकार असलेले त्यांत एकही नव्हते. सासूबाई गेल्या, नणंदा गेल्या, शाळासोबती गेले. नावाने हाक मारणारी माणसे एकेक करून आधीच निघून गेली होती आणि ते नाव मागे एकटे पडले होते. परिचारिकाही शेवटी ‘काका, काका’ करू लागली. ते परतले नाहीत. मी रीतीप्रमाणे वागले, आणि रीत मोडली असती तर ते परतले असते, असे मी मानत नाही. मी एवढेच म्हणते, की त्यानंतर वर्षभर ज्या नावाला घरात कोणी स्पर्श केला नाही, ते नाव एक परकी मुलगी भर सकाळी डोंगरावरून ओरडत होती आणि कोणीतरी त्याला उत्तर देत होते.

त्याच संध्याकाळी ते लोक घरी आले. रविवार पायवाट मंडळ असे त्यांचे नाव. यजमान गिरणी बंद झाल्यापासून दर रविवारी त्यांच्याबरोबर जात. रिकाम्या माणसांचा चाळा, असे मी म्हणत असे आणि ते हसत. पुढे होती ती अनुया, नवीन पनवेलात राहणारी, कुठल्याशा कंपनीत नोकरी करणारी, केस मुलग्यासारखे कापलेली. तिच्याबरोबर डोंगराखालच्या वाडीतली हौसा, जिचे सासरे एके काळी आमची खाचरे कसायचे. आता तिच्या मुलाच्या दारात दोन गाड्या उभ्या असतात, पण ती मला अजून वयनीच म्हणते आणि परवानगी न मागता समोरच्या खुर्चीत बसते.

“काकू, ही वॉल झाली की वरची वाट बंदच झाली,” अनुया म्हणाली. “दुसरी खाणीकडून आहे, पण ती खूप डेंजरस आहे. आणि यंदा पावसात वरचा पट्टा धुऊन गेलाय, तो दुरुस्त करतोय आम्ही. त्यामुळे म्हटलं, तुमच्याशी बोलावं.”

“आधी बस. सकाळी डोंगरावर ओरडत कोण होतं?”

तिने हौसाकडे पाहिले. “मी.”

“कुणाच्या नावानं ओरडत होतीस, माहीत आहे?”

“हो,” ती म्हणाली, आणि मग खाली बघत, पण न अडखळता तिने सांगितले. मंडळाची पद्धत अशी, की पुढच्याने प्रत्येक वळणावर शेवटच्याला हाक मारायची आणि त्याची ओ आल्याशिवाय पुढे सरकायचे नाही. म्हणजे मधला कोणी चुकत नाही. शेवटी चालणारे नेहमी यजमानच. ते गेल्यावरच्या पहिल्या रविवारी तिच्या तोंडून सवयीने त्यांचेच नाव गेले. मागे स्वानंद नावाचा मुलगा होता, तो ‘ओ’ म्हणाला. तेव्हापासून जो शेवटी चालेल तो गुरुदत्त. “आज गुरुदत्त कोण, असंच विचारतो आम्ही. चेष्टा नाही करत, काकू.”

“आजोबांच्या वयाच्या माणसाला एकेरी नावानं हाक मारायचं तुला कुणी शिकवलं?”

“त्यांनीच. काका म्हटलं की ओ द्यायचे नाहीत. म्हणायचे, नावानं बोलाव. घरी आता कुणी घेत नाही.”

“त्यात काय खोटं हाय?” हौसा म्हणाली. “मी माज्या म्हाताऱ्याला रामू मनूनच हाका मारते, आख्ख्या वाडीला जातात. त्यालाच जात नाय. बहिरा हाय मेला.”

मी हसले नाही. “आणि फाटकाची कडी?”

“ती शेवटचा लावतो. गुरं शिरू नयेत म्हणून. आम्ही पहाटे निघतो ना... तुमची झोपमोड होते का?”

“तुम्ही रविवारी निघता.”

“हो. फक्त रविवारी.”

“मग मंगळवारी कोण निघतं?”

हौसाने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. बाहेर गवंड्याची रेघ अंधुक दिसत होती. मी म्हणाले, “येत्या रविवारी मी येते. वाट बघीन, मग भिंतीचं काय ते सांगीन.” दारात उभा राहून ऐकणारा सत्यजीत म्हणाला, “आई, तुझे गुडघे बघ जरा.” मी म्हणाले, “ते माझ्याबरोबरच येतील.”

वरवर मी जमीन पाहायला चालले होते. आत एकच गोष्ट होती आणि ती मला स्वच्छ दिसत होती. ते जर त्या डोंगरावर असतील, तर फाटक बंद करणे म्हणजे त्यांना बाहेर ठेवून दाराला खीळ घालणे. आणि ते जर तिथे नसतील, तर इतके दिवस मी ज्याच्या सोबतीने उजाडताना डोळे उघडते आहे, ते काहीच नाही. दोन्हींपैकी कोणते मला हवे होते, हे मी त्या आठवड्यात स्वतःला विचारले नाही. रविवारी नऊवारी घट्ट आवळून, यजमानांची काठी न घेता, मी फाटकाबाहेर पडले. माणसे पुढे निघाली, त्यांच्या खांद्यावर कुदळी होत्या, घमेली होती, घाणेरीची झुडपे तोडायला विळे होते. लग्नकार्याला निघाल्यासारखी सगळी बडबडत होती. अनुया म्हणाली, काकू, तुम्ही मध्ये चाला. मी म्हणाले, मी शेवटी चालणार. ती पुढे झाली. हौसा मात्र माझ्या पुढ्यात रेंगाळत राहिली. पावसाने वाट खरोखर खरवडून नेली होती. पाण्याला स्वतंत्र चर काढून दिला नाही, तर ते माणसांच्या वाटेवरून उतरते आणि वर्षा-दोन वर्षांत वाटेचा ओहोळ होतो, असे अनुया मला वळून वळून सांगत होती, आणि तिच्या शब्दांमागे मला यजमानांचे बोलणे ऐकू येत होते. जेवताना ताटातल्या भातावर बोटाने वाट काढून आमटी कडेने कशी वळवायची, हे नातवंडांना दाखवीत ते हेच सांगत आणि मी म्हणत असे, अन्नाशी खेळू नये.

पहिल्या कड्याखाली पायऱ्या लागल्या. काळे दगड, एकावर एक न रचता मातीत अर्धे पुरलेले, आणि इतके बुटके की तरुण माणसाने दोन-दोन एकदम ओलांडावेत. मी एकेक चढत होते. गुडघा कुरकुरला नाही. गुडघा कुरकुरत नाही हे माझ्या ध्यानात येण्याआधी अनुया वर थांबून म्हणाली, “ह्या काकांनी बसवल्यात. आम्ही हसायचो, की हा डोंगर आहे का देवघर. ते म्हणायचे, असू दे. पद्मजा आली तर तिच्या गुडघ्यांना ह्याच चालतील.” ती पुढे निघून गेली. मी त्या पायरीवर उभी होते. घरात ते मला ‘अगं’ म्हणत, कधी ‘ऐकलंस का’, सत्यजीत झाल्यावर ‘सत्यजीतची आई’. माझे नाव शेवटचे कोणी घेतले होते, मला आठवेना. आईने असेल. ते इथे, उघड्यावर, परक्या पोरांसमोर, दगड ठोकता ठोकता माझे नाव घेत होते, आणि एकदाही, चुकूनसुद्धा, चल म्हणाले नव्हते. कदाचित ते वाट पाहत असतील, की मीच येते म्हणावे. कदाचित मी रिकाम्या माणसांचा चाळा म्हणाले, त्यातच त्यांना उत्तर मिळाले असेल. मला राग आला. इतक्या वर्षांनी, मेलेल्या माणसाचा, एखाद्या नव्या नवरीला येतो तसा. मी पुढची पायरी चढले आणि माझ्यामागे, खालच्या पायरीवर, डावी चप्पल घासल्याचा आवाज आला.

यजमानांची डावी टाच गिरणीत पट्ट्याखाली सापडली होती. तेव्हापासून ते तो पाय ओढून टाकीत. मी थांबले, आवाज थांबला. मी चालले, तो आला. हौसाने माझा चेहरा पाहिला असावा. “मागं बघायचं नाय, वयनी,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “बघितलं की थांबतं.”

“काय थांबतं?”

“जे येत आसंल ते.” आणि वरून ‘गुरुदत्त’ अशी हाक आली, तेव्हा माझ्या ओठांची हालचाल होईना हे बघून तीच ओरडली, “ओ. हाय, हाय. सावकाश येत्यात राणीसायब.” वर हशा पिकला.

वरच्या पट्ट्यात एक मोठा दगड वाटेवर आला होता. तो सरकवायला माणसे हवीत म्हणून हौसालाही पुढे बोलावले गेले आणि पायऱ्यांच्या माथ्याशी मी एकटी राहिले. तेवढ्यात खालच्या दरीतून धुके वर चढू लागले. आधी खाचरे गेली, मग आमच्या घराची गच्ची, मग पायऱ्या. माझ्यापुढे दोन हात पिवळे गवत तेवढे उरले. कोणाचे बोलणे ऐकू येत होते, पण ते कुठून येते हे कळत नव्हते. मागचा पाय मात्र स्पष्ट होता, खालच्याच पायरीशी. त्याचा श्वासही मला कळत होता, कडीच्या दोन आवाजांच्या मध्ये ऐकलेला, तोच. वरून हाक आली, ‘गुरुदत्त.’ मी गप्प राहिले. ओ मी द्यायची नव्हती. ज्याचे नाव त्याने द्यावी. मी त्याच्यासाठी जागा सोडून उभी होते. पुन्हा हाक आली. त्या मुलीचा आवाज आता ताणलेला होता. वरची बडबड थांबली. सगळा डोंगर माझ्याबरोबर कान देऊन उभा आहे असे मला वाटले. मी ठरवून मागे वळले. पांढरे होते. मी म्हणाले, “अहो.” माझा आवाज मला परका वाटला. मग मोठ्याने, घरात जिन्याच्या तळाशी उभी राहून मारीत असे तितक्या मोठ्याने, मी हाक मारली, “अहो.”

“काय गं?” वरून कोणीतरी म्हणाले.

धुक्यात कोणाचा तरी नवरा सवयीने बोलून गेला होता, आणि लगेच एका बाईचा आवाज आला, “अरे, मी नाही. मी इथेच आहे तुझ्या शेजारी.” कोणीतरी फिस्सकन हसले आणि गप्प झाले. मी वाटेकडेचा दगड धरला. जन्मभर मी एक शब्द त्यांचा म्हणून जपला होता, दाराआडून, माजघरातून, रुग्णालयाच्या खाटेशी, आणि तो कोणाचाही होता. त्या शब्दाला डोंगरावरचा कोणताही पुरुष वळून पाहू शकत होता. रुग्णालयातल्या त्या खोलीत तो शब्द त्यांच्यापर्यंत पोचला असेल आणि त्यांना वाटले असेल, कोणीतरी कोणाला तरी बोलावते आहे. मी पायऱ्यांकडे तोंड केले. पदर सारखा केला. पुढे एकही ओळ न लावता, शिडी न लावता, मी म्हणाले, “गुरुदत्त.”

तोंडात ते नाव जड नव्हते. लहान होते. मी ते पुन्हा घेतले, पहिल्यापेक्षा सावकाश, खाली, पायऱ्यांच्या दिशेने, आणि ऐकत उभी राहिले. गवतावरून पाणी ठिबकत होते. खाली कुठे तरी ट्रकने हॉर्न दिला. पायरीवर कोणी नव्हते. चप्पल नव्हती, श्वास नव्हता. कोणी थांबलेले नव्हते. थांबलेले आणि नसलेले यांतला फरक मला त्या क्षणी कानांनी कळला. ते इथे नव्हते. माझ्या तोंडून नाव ऐकूनही जो येत नाही, तो खरोखर गेलेला असतो.

वरून पुन्हा हाक आली. आता त्या मुलीच्या आवाजात रडू होते, आणि कोणाची तरी पावले दगडांवरून धावत खाली येत होती. मी डोंगराकडे तोंड वळवले आणि गळा मोकळा सोडून उत्तर दिले, “ओ.”

काम दुपारपर्यंत चालले. मीही घमेल्यात माती ओढली. मला कोणी नको म्हणाले नाही. उतरताना अनुया पुढे, मी शेवटी. प्रत्येक वळणावर तिने हाक मारली आणि प्रत्येक वळणावर मी ओ दिली. खाचरे ओलांडून एकेक माणूस फाटकातून आत गेला, हौसा माझ्यापुढे, चिखलाने भरलेली. परसात सत्यजीत चहाचा पेला घेऊन उभा होता.

“गवंडी उद्या येतोय, आई. मग काय सांगू?”

“भिंत घालू दे. फाटक सोडून.”

“म्हणजे वाट राहणार?”

“फाटक राहिलं म्हणजे वाट राहिली. एवढ्या जमिनी विकल्यास, आणि हे मी सांगायचं?”

तो आत गेला. हौसा फाटकाच्या आतून ओरडली, “वयनी, लावा की. ढोरां शिरतील.” मी फाटकाचा गज धरून मागे पाहिले. धुके कधीच निघून गेले होते. खाचरे, चढण, त्या बुटक्या पायऱ्यांची काळी रेघ, सगळे उन्हात पडले होते आणि त्यावर कोणी नव्हते. मी गुडघ्याने फाटक उचलले. कडी घासली. मी थांबले, मागे कोणी राहिले नाही ना हे पाहण्यापुरती. मग ती सोडली.

आवाज तोच होता.